मैदानाचा पटवारी

तो मैदानावर कधीच येत नाही. सामना रंगात आलेला असतो, मधल्या पट्टीचा चिखल झालेला असतो, कुणाचा तरी गुडघा फुटलेला असतो, रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू असतो. हा कुठेच नसतो. शेवटची शिट्टी होते, पोरं नळावर पाय धुतात, सायकली काढतात, आणि मग हा सावकाश आपलं दप्तर सोडतो. दोन आकडे खोडतो, दोन लिहितो, एक नाव ओळभर वर घेतो, दुसरं खाली ढकलतो. नव्वद मिनिटांच्या घामाचा त्याच्याकडचा हिशेब एवढाच.

नाव गुणतक्ता. मुक्काम वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर, खालच्या कोपऱ्यात; तोही क्रिकेटने जागा ठेवली तर. हल्ली मोबाइलवरही असतो आणि तिथे सामना चालू असतानाच कूस बदलतो, पण ते त्याच्या मूळ स्वभावाला धरून नाही. अंगकाठी सडपातळ. डावीकडे क्लबांची नावं, उजवीकडे आठ रकाने: खेळले, जिंकले, बरोबरी, हरले, केलेले गोल, खाल्लेले गोल, त्यांतला फरक आणि सगळ्यात शेवटी, जाड टायपात, गुण. चेहऱ्यावर राग नाही, लोभ नाही. पहिल्या क्रमांकावरच्या नावाला तो जेवढी जागा देतो, तेवढीच बाराव्यालाही देतो.

हाडाचा पटवारी आहे तो. पटवारी डवरा धरत नाही, निंदत नाही, कापूस वेचत नाही. पण वावर कुणाचं ते त्याच्या वहीत लिहिलं असेल तेच. धुऱ्यावर उभं राहून तुम्ही कितीही छाती ठोका, सातबाऱ्यावर नाव नसेल तर सोसायटी कर्ज देत नाही. याचंही तसंच. आमचा संघ भारी खेळला, चेंडू दोनदा खांबाला लागून परत आला, त्यांचा गोल सरळ सरळ ऑफसाइड होता, ही सगळी कैफियत तो शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, तुमचे गोल किती? शून्य. त्यांचे? एक. झालं. ‘हरले’च्या रकान्यात एकाची भर पडते आणि दप्तर बंद होतं.

माणूस जुना असला तरी कायदे बदलत गेले. इंग्लंडच्या लीगमध्ये विजयाला दोन गुण असत. १९८१ पासून तीन झाले आणि बरोबरीवर पोट भरणाऱ्या संघांची पंचाईत झाली. गुण सारखे झाले तर पूर्वी गोलांचा भागाकार करत. १९७६ च्या मोसमापासून साधी वजाबाकी आली. १९८९ साली आर्सेनल आणि लिव्हरपूल या दोघांचेही गुण ७६, दोघांचाही गोलफरक ३७. मग पटवाऱ्याने आणखी एक पान उलटलं: आर्सेनलने गोल केले होते ७३, लिव्हरपूलने ६५. विजेतेपद आर्सेनलच्या नावावर चढलं. दोन वावरांमधला धुरा याहून बारीक असू शकत नाही.

त्याची निःपक्षपाती वृत्ती कधी कधी विनोदी वाटावी इतकी टोकाला जाते. हडर्सफील्ड टाउन हा तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीवर असलेला क्लब. २०१६-१७ च्या मोसमात त्यांनी गोल केले ५६ आणि खाल्ले ५८. घरात येण्यापेक्षा जाणं जास्त. तरी तक्त्यात नंबर पाचवा, कारण जिंकताना ते एका गोलाने जिंकत आणि हरताना मात्र सढळ हाताने हरत. पटवाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. विजयाचे तीन गुण म्हणजे तीन. एकाने जिंकलात की पाचाने, हा प्रश्न तो तोपर्यंत विचारत नाही, जोपर्यंत दुसऱ्या कुणाशी तुमचे गुण बरोबर होत नाहीत. त्या वर्षी हडर्सफील्ड वरच्या वर्गात, प्रीमियर लीगमध्ये गेलं.

पाचव्या क्रमांकावरून वर कसं गेलं? तिथे आपल्या पटवाऱ्याचा एक अपमान दडलेला आहे. इंग्लंडमध्ये १९८७ पासून प्लेऑफ नावाचा प्रकार सुरू झाला. दुसऱ्या पायरीवरचे पहिले दोन संघ तक्त्याच्या सहीने थेट वर जातात. तिसऱ्या जागेसाठी मात्र तक्ता बाजूला ठेवायचा आणि तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चौघांना आपसांत लढवायचं. वर्षभर राबून तिसरा आलेला आणि शेवटच्या दिवशी धापा टाकत सहावा आलेला, दोघे एका ओळीत. ऑगस्टपासून मेपर्यंत लिहिलेली वही अशी मिटवली जाते आणि निकाल वेम्बलीच्या एका दुपारवर सोपवला जातो. चाहत्यांना हे फार आवडतं. सातव्या, आठव्या नंबरावरचा माणूसही एप्रिलपर्यंत आशा सोडत नाही. ‘सहावा आलो तरी चालते’ म्हणत गणितं मांडत बसतो. पटवाऱ्याला विचारलं तर तो याला बेकायदा कब्जा म्हणेल.

आमच्या वर्ध्यात आकाशी रंगाची मँचेस्टर सिटीची जर्सी घालून फिरणारी पोरं पुष्कळ आहेत. त्यांच्या जन्माच्या आधीची एक नोंद या वहीत आहे, ती त्यांना दाखवली की ती हसतात आणि मग गुगल करतात. १९९९ साली मँचेस्टर सिटी तिसऱ्या पायरीवर होतं. तक्त्यात तिसरं, म्हणून प्लेऑफ. ३० मे रोजी वेम्बलीवर अंतिम सामना, समोर गिलिंगहॅम. नव्वदाव्या मिनिटाला सिटी दोन गोलांनी मागे होतं. शेवटच्या क्षणांत केव्हिन हॉरलॉकने एक आणि भरपाईच्या वेळेत पॉल डिकोव्हने दुसरा गोल केला. पेनल्टीवर सिटी जिंकलं आणि एक पायरी वर चढलं. आज अब्जावधींचा क्लब म्हणून ज्याचा हेवा करतात, त्याच्या सातबाऱ्यावर हाही एक फेरफार आहे.

हे झालं साहेबाचं गाव. आमच्याकडे पटवाऱ्याची बैठक बजाज चौकाच्या आसपास, रविवारी सकाळी, तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर भरते. वही म्हणजे बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा. जवळून पाहिला तर त्यात पटवाऱ्याचं सगळं चरित्र दिसतं. संघांची नावं काळ्या मार्करने लिहिलेली, आकडे मात्र पेन्सिलने. नावं राहतात, आकडे बदलतात, एवढी अक्कल लिहिणाऱ्याला आहे. गुणांच्या रकान्यात इतक्या वेळा खोडाखोड झालेली की पुठ्ठ्याचा वरचा गुळगुळीत थर निघून आतला मातकट, खरबरीत थर वर आलाय. तिथे पेन्सिल नीट उमटत नाही, म्हणून आकडा दोनदा गिरवलेला. एका कोपऱ्यात तर्रीचा लाल डाग, नेमका गोलफरकाच्या रकान्यावर. त्या डागाखाली उणे चार आहे की अधिक चार, यावर दर आठवड्याला नव्याने वाद होतो.

हा पुठ्ठा गावातल्या सहा संघांच्या छोट्या लीगचा. सिंदी मेघेची पोरं, सावंगीची पोरं, पुलगावहून गाडीने येणारी पोरं. पहिल्या दोघांत अंतिम सामना. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्यावरच्यांचा जीव टांगणीला, आणि संघ निवडायचा तर कुणाला घ्यायचं यापेक्षा कोण येणार हाच मोठा प्रश्न. गोलकीपरची बारावी. मधल्या फळीतला भरवशाचा गडी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये. सीझन चालू, रात्रपाळी केली की सकाळी त्याचे पाय उचलत नाहीत.

“त्याले बेंचवर बसव न बाप्पा. झोपेत खेळते थो.”

“झोपेत खेळते, पण चेंडू तं देते ना. तुहा भाऊ जागा राहूनही देत नाई.”

“मंग आपण डिफेन्सच खेळू. एक गुण भेटला तरी लय झालं.”

“एक गुणानं काय होते बे? सावंगी हारली तं होते. सावंगी कायले हारते?”

“पुलगाव हारवते सावंगीले. मी सांगून रायलो ना.”

“पुलगाव तं आलंच पायजे आधी. गाडी लेट असली तं वॉकओव्हर.”

रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका तिथे रोज असतात. नागपूरच्या मोतीबाग मैदानावर त्यांनी जुने सामने पाहिलेत. ते पोरांना एकच सांगतात, “दुसऱ्याच्या हारीवर आपलं गणित मांडू नोका रे.” पोरं मान डोलावतात आणि पुन्हा सावंगीच्या हारीचं गणित मांडायला बसतात. तक्ता समोर असला की माणसाच्या तोंडून ‘जर’ निघतो आणि ‘तर’ येईपर्यंत पोह्यांची प्लेट गार होते. पटवाऱ्याच्या वहीत या जर-तरसाठी रकाना नाही. म्हणून तो चाहत्यांना स्वतःच्या डोक्यात ठेवावा लागतो, आणि खरी लीग तिथेच खेळली जाते.

याच ठेल्यावर ६ एप्रिल २०२५ चा दिवस गाजला. रविवार होता, त्यात रामनवमी. आय-लीगचा शेवटचा दिवस. या लीगमध्ये पहिला येणारा संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये, आयएसएलमध्ये जाणार. प्लेऑफ नाही, दुसरी-तिसरी संधी नाही. खिडकी एकच आणि तिकीटही एकच. सकाळी पटवाऱ्याच्या वहीत गोव्याचं चर्चिल ब्रदर्स ३९ वर, गोकुलम केरळ ३७ वर, इंटर काशी आणि रिअल काश्मीर ३६ वर. आमच्यात चर्चिलचा एक कट्टर चाहता आहे; मडगावकडे हॉटेलात काही वर्षं काम करून परत आलेला. तिथला फुटबॉल त्याच्या रक्तात चढलाय. १९८८ साली स्थापन झालेला क्लब, २००८-०९ आणि २०१२-१३ ला देशाचा विजेता, हे तो घरच्या लग्नाच्या तारखांसारखं सांगतो. काशीच्या बाजूने दोघे-तिघे, त्यांचं कारण निव्वळ विश्वनाथ. काशीचा संघ त्या मोसमात घरचे सामने वाराणसीत नव्हे, बंगालमधल्या कल्याणीत खेळत होता, हे सांगूनही त्यांची श्रद्धा ढळली नाही.

त्या दिवशी श्रीनगरला चर्चिलने रिअल काश्मीरशी १-१ अशी बरोबरी केली: ४० गुण. काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ ने हरवलं: ३९ गुण. गोकुलमला गोव्याच्याच डेम्पोने ४-३ ने पाडलं, म्हणजे चर्चिलचा एक रस्ता त्यांच्या शेजाऱ्यानेच मोकळा केला. चर्चिलवाल्याने ठेल्यावर सगळ्यांना चहा पाजला. पण काशीवाल्यांपैकी एक जण शांतपणे म्हणाला, “पैसे राहू दे भाऊ. अजून फेरफार पेंडिंग हाय.”

आणि खरंच होता. जानेवारीत नामधारी या पंजाबातल्या संघाने काशीला मैदानावर २-० ने हरवलं होतं. काशीची हरकत अशी की नामधारीने खेळवलेला एक ब्राझिलियन खेळाडू पिवळ्या कार्डांमुळे त्या सामन्यासाठी बाद होता. संघाची यादी लिहिताना एक नाव चुकलं, आणि तेवढ्यावर सामन्याचा निकाल उलटतो. भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने तो सामना काशीला दिला. नामधारी अपिलात गेला, अपील समितीने निर्णय फिरवला, आणि एप्रिलमध्येच चर्चिल विजेता म्हणून जाहीर झाला. करंडकही दिला गेला. काशीने प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादात नेलं. दुसरीकडे काशीवरही बालंट होतं: मारिओ बार्को या स्पॅनिश खेळाडूला मोसमात एकदा यादीतून काढून पुन्हा घेतलं, ते नियमात बसतं का? त्या तक्रारीत चर्चिलही होता. तेही लोझानला गेलं.

पावसाळा सुरू झाला, सोयाबीनची पेरणी झाली, तरी आय-लीगचा तक्ता वाळत नव्हता. ठेल्यावर बार्कोची नुसती चिरफाड.

“एकदा काढला ना त्याले? मंग परत काहून घेतला?”

“गोल कोन मारते मंग? तू जातं काय कल्याणीले?”

“नियम तं पायजे ना बे.”

“नियमात बसते म्हणूनच तं घेतला ना. कोच काय येडा हाय?”

काशीचा कोच अंतोनियो हाबास. भारतात अनेक मोसम काढलेला स्पॅनिश म्हातारा. त्याला वेडं ठरवणं सोपं नव्हतं. चर्चिलवाला गप्प असायचा. एकदाच बोलला, “आमी शेवटच्या दिवशी मैदानावर वर होतो. थे कोनी खोडू शकत नाई.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गवतावर जे झालं त्यात चर्चिल वर होता. पण गवत आणि वही यांच्यात एक यादी असते, अकरा नावांची आणि बदली खेळाडूंची, आणि ती यादी बरोबर नसेल तर पटवारी गवतावरचं काहीच धरत नाही.

जूनमध्ये नामधारीच्या प्रकरणात लवादाने काशीच्या बाजूने कौल दिला. १८ जुलै २०२५ ला बार्कोचंही निकाली निघालं. काशी ४२, चर्चिल ४०. शेवटची शिट्टी वाजून तीन महिने उलटल्यावर पटवाऱ्याने दोन नावांची अदलाबदल केली. ना चेंडू हलला, ना कुणी पाय उचलला. पण एक क्लब वर गेला आणि एक जागच्या जागी राहिला.

लोक याला लाज म्हणाले. भारतीय फुटबॉलची शोभा झाली, कोर्टकचेऱ्यांनी खेळ नासला, वगैरे. मला यात वेगळंच दिसतं. पडीक जमिनीसाठी कुणी फेरफाराचं अपील करत नाही. भांडण तिथेच होतं जिथे नोंदीला किंमत असते, आणि या तक्त्यातल्या पहिल्या नोंदीला किंमत आली होती ती नुकतीच.

त्याआधी कितीतरी वर्षं पटवाऱ्याची वही निव्वळ शोभेची होती. २०१६-१७ ची नोंद पाहा. मिझोरममधल्या ऐझॉलचा संघ. आदल्या वर्षी तक्त्याने त्यांना खालच्या वर्गात टाकलं होतं. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून जागा रिकामी झाली आणि त्यांना परत बोलावलं. कोच खालिद जमील, जे त्याआधी अनेक वर्षं मुंबई एफसीत होते. संघात मुंबईचे जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे, मोठ्या क्लबांच्या यादीत ज्यांच्यासाठी फारशी जागा नव्हती असे खेळाडू. संघनिवड कशाला म्हणतात ते इथे शिकावं: दुसऱ्यांनी बाजूला ठेवलेल्या माणसांतून अकरा उभे करणं. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजोंगशी बरोबरी झाली आणि पटवाऱ्याने लिहिलं: ऐझॉल ३७, मोहन बागान ३६. छोट्या डोंगरी शहराच्या क्लबाने कोलकात्याच्या शतकापूर्वीच्या क्लबाला एका गुणाने मागे टाकलं.

आणि पुढे? पुढे काहीच नाही. वर जायला दारच नव्हतं. पुढल्या वर्षी मिनर्व्हा पंजाब पहिला आला, मग चेन्नई सिटी, मग मोहन बागान, मग दोन वर्षं गोकुलम. कुणालाही तक्त्याच्या जोरावर वरचं दार उघडलं नाही. मोहन बागान २०२० मध्ये आयएसएलमध्ये गेला तो एटीकेशी हातमिळवणी करून. ईस्ट बंगाल गेला तो गुंतवणूकदार मिळाल्यावर. म्हणजे वहीत नाव कुठे आहे यापेक्षा खिशात काय आहे, याला भाव होता. अशा गावात पटवारी असून नसून सारखा. दार उघडलं ते २०२२-२३ पासून: आधी राउंडग्लास पंजाब वर गेला, पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन. तिसऱ्या वर्षी हे सगळं रामायण. अपिलाची फी भरून एका गुणासाठी भांडणारे दोन क्लब पाहिले आणि वाटलं, चला, पटवाऱ्याच्या सहीला आता वजन आलं.

या वहीत त्याला खोडता न येणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मालकाची मर्जी. महाराष्ट्राची पानं उलटून पाहिली की हे टोचतं. महिंद्र युनायटेड: २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी: २००७ मध्ये सुरू, २००९-१० ला पहिल्याच आय-लीग मोसमात तिसरा; आज क्लब नाही. भारत एफसी: पुण्याचाच, एक मोसम खेळून गायब. मुंबई एफसी: ज्या मोसमात त्यांचे माजी कोच खालिद जमील ऐझॉलला विजेता करत होते, त्याच मोसमात मुंबई तळाला गेली, खाली पडली आणि परत दिसलीच नाही. यांतल्या फक्त एकालाच तक्त्याने खाली ढकललं. बाकीचे तक्त्यातून खाली गेले नाहीत, तक्त्याबाहेर गेले. पटवारी फार तर शेवटचा नंबर देतो. नावच काढून टाकायचा अधिकार त्याला नाही. तो दुसऱ्या कुणाच्या हातात असतो, आणि ते हात चेकबुकावर असतात.

म्हणूनच कोल्हापूर वेगळं आहे. तिथे क्लब म्हणजे तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. पेठांची नावं आणि घराघरातली माणसं यांच्यामागे उभी. शाहू स्टेडियमवर सामना असला की तक्ता पेठेच्या कोपऱ्यावर वाचला जातो आणि त्याचे परिणाम घराच्या उंबऱ्यापर्यंत येतात. एखाद्या तालमीचा संघ घसरला तरी तालीम बंद पडत नाही, कारण ती कुणा एकाच्या खिशातून चालत नाही. अशा ठिकाणी पटवाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या काम मिळतं. गोव्यातल्या वाड्यावाड्यांतही तेच; म्हणून एक चर्चिल खाली राहिला तरी डेम्पो आहे, आणि डेम्पो तर राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा घेऊनही स्वतः लीग सोडून बाहेर पडला, मग खालच्या वर्गात उतरून, तिथून जिंकत २०२४ ला पुन्हा वर आला. पटवाऱ्याच्या वहीत असं परत येणं क्वचित लिहिलं जातं.

वर्ध्याचं नाव यात नाही. राष्ट्रीय लीगच्या कुठल्याच तक्त्यात, कधीच आलेलं नाही. रस्ता २०२५ साली कागदावर सरळ होता: जिल्हा, मग राज्याची लीग, मग आय-लीग थ्री, मग टू, मग आय-लीग, मग आयएसएल. सहा पायऱ्या, आणि दर पायरीवर वेगळा पटवारी, वेगळं दप्तर. प्रत्येक ठिकाणी नोंदणीची फी, मैदानाची अट, वयोगटाच्या संघांची अट, डॉक्टर, प्रशिक्षकाचा परवाना. ठेल्यावर एकदा कुणीतरी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा गोलकीपर म्हणाला, “आपल्याजवळ तं अजून नेट नाई धड.”

तरी वाद थांबत नाही. उलट, मोठ्या लीगच्या तळाला कोण, कोण खाली जाणार, यावर चर्चा रंगली की तिथे सगळ्यात जास्त जीव वर्ध्याचा गुंततो. इतरांना तळाचं नाव केविलवाणं वाटतं. आमच्या पोरांना त्याचा हेवा वाटतो. काकांनी एकदा विचारलंच, “अरे, जे खाली चालले त्याईचा कायचा हेवा?” पुठ्ठ्यावर आकडे गिरवणाऱ्या पोराने मान वर न करता उत्तर दिलं:

“काका, खाली जायलेही आधी वहीत नाव लागते ना.”

पटवाऱ्याविषयी त्याच्याइतकं नेमकं मला कुणीच सांगितलेलं नाही. लोक त्याला निर्दय म्हणतात, कारण तो खाली ढकलतो. पण तो फक्त त्यांनाच ढकलतो ज्यांची नोंद आहे. त्याच्या वहीतला शेवटचा क्रमांक म्हणजेही एक जमीन आहे. लहान, मुरमाड, कोरडवाहू, पण स्वतःच्या नावावरची. तिच्यावर पुढच्या वर्षी पेरता येतं, अपील करता येतं, भांडता येतं. ज्याचं नावच नाही त्याला हरायचीही सोय नाही. इकडे आमच्या छोट्या लीगमध्ये सावंगी हरली नाही, पुलगावची गाडी वेळेवर आली नाही, आणि आमचा संघ तिसरा राहिला. पेन्सिलीने तीन लिहून झाल्यावर पुठ्ठा उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने पुढच्या मोसमाच्या सहा संघांची नावं लिहायला घेतली, आणि सातवं नाव घालायचं का, यावर लगेच नवा वाद सुरू झाला.